मदत हवी आहे: गावच्या रस्त्याची देखभाल कुणाकडे, अर्ज कुठे द्यायचा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात आहे. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झाला. या योजनेत काम पूर्ण झाल्यावर पुढची ५ वर्षं देखभाल त्याच कंत्राटदाराने करायची असते. ती मुदत अजून संपलेली नाही. तरी मोरीजवळ डांबराचा कडेचा पट्टा पार खचलाय, खडी उघडी पडलीय आणि पावसाचं पाणी थेट रस्त्यावरून वाहतं. बस आता फाट्यावरूनच मागे फिरते. कॉलेजच्या मुली अंधारात चालत घरी येतात, याचा जीवाला फार घोर लागतो.

पंचायतीत विचारलं तर म्हणतात, रस्ता आमचा नाही. वरच्या ऑफिसात गेलं की पंचायतीचं पत्र आणा म्हणतात.

आता माहिती अधिकारात देखभालीच्या नोंदी आणि बिलं मागवायची आहेत. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत लागतो आणि फी १० रुपये, एवढं ठाऊक आहे. पण अर्ज नेमका कुणाच्या नावे करायचा? जिल्हा पंचायतीच्या इंजिनियर विभागाकडे की योजनेच्या वेगळ्या ऑफिसला?

दुसरं, गाऱ्हाण्याचं निवेदन मराठीत द्यायचंय. घटनेच्या कलम ३५० मध्ये तशी मुभा आहे. मराठीतून देऊन पोच घेतलेलं कुणी आहे का? की सोबत कन्नड प्रत जोडलेली बरी? बेळगाव, निपाणीकडच्या कुणी हे केलं असेल तर अर्जाचा नमुना इथे टाका, प्लीज. ग्रामसभेत ठराव घ्यायचाच आहे, त्याआधी कागद हातात हवेत.