'प्रेरित', 'बेतलेला' की 'सुचलेला'?

प्रेसनोटवाली
मंडळी, एका शब्दापाशी गाडी अडली आहे. मी मराठी चित्रपटांच्या पीआरचं काम करते. काल एका निर्मात्यांकडून पोस्टरचा मजकूर आला: "सत्य घटनेने प्रेरित". मी ते खोडून "सत्य घटनेवर आधारित" केलं. तासाभरात फोन. "ताई, आधारित नको. आधारित म्हटलं की ज्यांची गोष्ट आहे त्यांची नोटीस येते. आणि इन्स्पायर्डला प्रेरितच म्हणतात ना?"

म्हणतात का? मला ते वाक्य भातात खडा लागावा तसं लागतं, पण का ते सांगता येत नाही.

जोडीला दुसरा प्रश्न. आमच्या कामाला मराठीत म्हणायचं काय? व्हिजिटिंग कार्डावर 'जनसंपर्क' छापून घेतलं, तर सोसायटीतले एक आजोबा तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन आले.

निवृत्त मुद्रितशोधक
खडा लागला तो बरोबर लागला. मराठीत 'प्रेरित'च्या आधी काय येतं ते आठवून पाहा: राजकीय हेतूने प्रेरित, सूडबुद्धीने प्रेरित. बहुतेक वेळा काहीतरी संशयास्पदच. 'घटनेने प्रेरित चित्रपट' हे हिंदीतल्या 'से प्रेरित'वरून आलेलं आहे.

मूळ प्र + ईर्, म्हणजे पुढे ढकलणं, हलवणं. आपण ज्याला प्रयोजक क्रियापद म्हणतो त्याला हिंदी व्याकरणात प्रेरणार्थक म्हणतात. एकाने दुसऱ्याकडून करवून घेणं. म्हणजे प्रेरणेत बाहेरून ढकलणारं कुणीतरी असतं. 'स्फूर्ती'चं तसं नाही. रागाने ओठ स्फुरतात, बाहूंना स्फुरण चढतं, ते आतून.

तर प्रेरणा मिळते ती दिग्दर्शकाला. चित्रपटाला कशी मिळेल? तो घटनेवर आधारलेला असेल, बेतलेला असेल, नाहीतर घटनेवरून सुचलेला असेल.

शिंपीण
'बेतलेला' आमच्या घरातला शब्द, म्हणून मध्ये पडते. आई ब्लाउज शिवायची. रात्री जेवणं उरकली की कापड जमिनीवर पसरायचं, खडूने रेघा मारून बेतून ठेवायचं. कात्री सकाळी, उजेडात. बेतणं म्हणजे कापायच्या आधी माप धरणं. घटनेवर बेतलेला चित्रपट म्हणजे माप घटनेचं, कापड लेखकाचं. थोडं सैल, थोडं आवळ चालतं, पण अंग कुणाचं ते ओळखू यायला हवं. ओळखूच येत नसेल तर 'सुचलेला' म्हणा आणि मोकळे व्हा.

(पोस्टरवर 'बेतलेला' घालताना शेजारी 'जीव' शब्द येऊ देऊ नका. जिवावर बेतेल.)

निवृत्त मुद्रितशोधक
वा! आणि यात आपल्याकडे पायऱ्या होत्या. आगरकरांनी 1883 साली 'हॅम्लेट' मराठीत आणलं ते 'विकारविलसित', त्याला भाषांतर म्हणायचं. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, माणसं आपली, नावं आपली, ते रूपांतर. मग आधारित, बेतलेलं, सुचलेलं. आणि तळाची पायरी 'ढापलेलं'. ती कुणी छापत नाही, प्रेक्षक बाहेर पडताना सांगतात. आता या सगळ्यांवर 'प्रेरित'ची एकच गोधडी. कोण कितपत झोपलंय ते कळत नाही.

खुळा कावळा
काका, पण खरी प्रेरणाही असते की. फाळक्यांनी मुंबईत येशूच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण दिसू लागले. पुढे 'नवयुग' मासिकात त्यांनीच हे लिहिलं. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' झाला. पण त्याच्या जाहिरातीत "येशूपटाने प्रेरित" लिहिलं असतं तर? प्रेरणा शंभर टक्के, कथा शून्य टक्के. आजच्या पोस्टरवर बरोबर उलट असतं.

फाळके निघालेच आहेत तर ताईंच्या धंद्याचंही पाहा. 3 मे 1913 ला गिरगावात कॉरोनेशन थिएटरला खेळ लागला, पण त्याआधी 21 एप्रिलला ऑलिंपियात निवडक मंडळींसाठी खेळ झाला. पाहुण्यांत वृत्तपत्रांचे संपादकही होते. यालाच आपण प्रेस शो म्हणतो. आणि सुरतेत गल्ला जमेना तेव्हा जाहिरात केली: 57,000 छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत.

मला खाज, म्हणून हिशेब केला. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी. 57,000 भागिले 16, म्हणजे साडेतीन हजार फुटांच्या थोडं वर. मैल 5,280 फुटांचा. दोन मैल सोडा, एकही भरत नाही! छायाचित्रांचा आकडा खरा धरला, तर मैल जवळजवळ तिप्पट फुगवलेत. ताई, तुमचं घराणं जुनं आहे.

प्रेसनोटवाली
:) हे मी फ्रेम करून ऑफिसात लावणार. पण माझं कार्ड?

निवृत्त मुद्रितशोधक
'जनसंपर्क' तुमच्या हातून गेला. गल्लोगल्ली नगरसेवकांची जनसंपर्क कार्यालयं आहेत, आणि शासनाचं तर माहिती व जनसंपर्क महासंचालनालयच आहे. तो शब्द ऐकला की लोक अर्ज काढतात. आजोबांचं काही चुकलं नाही.

'प्रसिद्धी' घ्या. मराठीत या शब्दाला एक सोय आहे, ती हिंदीत नाही. आपल्याकडे पुस्तक 'प्रसिद्ध झालं' म्हणजे फक्त छापून बाहेर आलं. त्याला कुत्रं विचारत नसलं तरी ते प्रसिद्धच. लोकांपुढे ठेवणं आणि नावाजलं जाणं, दोन्ही एकाच शब्दात. तुम्ही पहिल्याचे पैसे घेता आणि निर्माता दुसऱ्याची वाट पाहतो. बहुतेक भांडणं तिथलीच असणार.

खुळा कावळा
आणि 'बहुचर्चित'? मुहूर्ताचा नारळ फुटायच्या आत चित्रपट बहुचर्चित कसा होतो? चर्चा करतं कोण?

प्रेसनोटवाली
आम्हीच. चार जण. चहाला.

असो, निकाल सांगते. 'सुचलेला' निर्मात्यांना आवडला नाही, "सुचलेला म्हणजे घरी बसल्या बसल्या केल्यासारखं वाटतं." 'बेतलेला' घेतला. पण पोस्टरवर खाली तोच चित्रपट सांगतो की सर्व पात्रे व घटना काल्पनिक असून साधर्म्य आढळल्यास तो योगायोग समजावा. वर माप घेतलेलं, खाली माप योगायोगाने जुळलेलं. वकिलांनी दोन्ही ओळी ठेवायला सांगितल्यात.

नव्या कार्डावर 'चित्रपट प्रसिद्धी' छापायला दिलंय. प्रेसनोटमधला 'बहुप्रतीक्षित' मी दोनदा काढला. आज सकाळी छापून आलं त्यात तो आहे.