मदत हवी आहे: टॉवर नसलेल्या विमानतळावर सरळ फायनलवर येणारे विमान दिसत नसेल, तर बेसकडे वळावे का?

दख्खनी_वारा:
मी कॅलिफोर्नियात खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकत असून सध्या एकट्याने सर्किट (उतरण्यासाठी धावपट्टीभोवती घ्यायची ठरलेली फेरी: धावपट्टीला समांतर डाउनविंड, मग आडवा बेस आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेतला फायनल) उडवतो. आमच्या विमानतळावर टॉवर, म्हणजे विमानांना परवानगी देणारा नियंत्रक, नाही. मागच्या आठवड्यात मी बेसचे वळण घेण्याच्या बेतात असताना एका विमानाने तीन मैलांच्या फायनलवर सरळ येत असल्याचे रेडिओवर सांगितले, पण ते मला कुठेही दिसेना. एक प्रशिक्षक म्हणतात की सर्किटमधल्याचा हक्क पहिला, दुसरे म्हणतात की फायनलवरच्याचा. शनिवारी पुन्हा एकट्याने उडायचे आहे, तेव्हा नेमके काय करायचे तेवढे कृपया लवकर सांगा.

कोयनाकाठ:
विमान कोणते, त्याचे पंख वर की खाली, सर्किट डावे की उजवे, आणि समोरच्याने आपल्या विमानाचा प्रकार सांगितला होता का? हे कळल्याशिवाय दिलेले उत्तर तुमच्या कामाचे असेलच असे नाही.

टेक्सासमुक्कामी:
एडीएस-बीचा (इतर विमानांनी प्रसारित केलेले त्यांचे स्थान टिपणारा) छोटा रिसीव्हर घ्या आणि टॅबलेटला जोडा. आसपासची विमाने नकाशावर दिसतात. मी तो घेतल्यापासून निर्धास्तपणे उडतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तो घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

माणदेशी:
हा निर्धास्तपणाच मला धोकादायक वाटतो. १ जानेवारी २०२० पासून विमानाने एडीएस-बीने आपले स्थान प्रसारित करण्याची सक्ती आहे ती प्रामुख्याने मोठ्या विमानतळांभोवती आणि १०,००० फुटांच्या वर. टॉवर नसलेली कित्येक लहान विमानतळे त्या क्षेत्राबाहेर आहेत. तिथे येणाऱ्या जुन्या विमानात किंवा ग्लायडरमध्ये ते प्रसारणाचे यंत्र नसू शकते, आणि रेडिओ असण्याचेही बंधन नाही. पडदा रिकामा दिसला म्हणून आकाश रिकामे असते असे धरून चालू नये. दृष्टी एका वेळी फार तर १० अंशांच्या पट्ट्यावर किमान एक सेकंद स्थिरावत, असे करत सारे आकाश पाहायला हवे, आणि काचेवर एकाच जागी राहून केवळ मोठा होत जाणारा ठिपका दिसला तर ते विमान आपल्यावरच येत आहे असे समजायला हवे.

टेक्सासमुक्कामी:
डोळ्यांना पर्याय म्हणून मी यंत्र सुचवलेले नाही. विमान कुठल्या दिशेला शोधायचे ते यंत्राने सांगितले तर डोळ्यांचे काम सोपे होते, एवढेच.

दख्खनी_वारा:
सेसना १७२, म्हणजे पंख वर. सर्किट डावे, उंची जमिनीपासून १,००० फूट. त्याने प्रकार सांगितला नव्हता. टॅबलेट होता, पण त्यावर ते विमान दिसले नाही. मी डाउनविंडवरच पुढे जात राहिलो आणि ते धावपट्टीवर टेकल्यावरच मला दिसले. वळायचे की नाही, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

कृष्णाथडी:
परवाना भारतात रूपांतरित करायचा असेल, तर डीजीसीएची (भारतातील विमान वाहतूक नियामक) हवाई नियमांची परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे उड्डाणतासांची नोंदवही आत्तापासूनच काटेकोर ठेवा.

दख्खनी_वारा:
आभारी आहे, पण मी ते विचारलेले नाही.

उंचमाथा:
मी बरीच वर्षे उड्डाण शिकवतो. नियमाप्रमाणे अंतिम टप्प्यात उतरत असलेल्या विमानाचा हक्क पहिला असतो, तरी त्याचा फायदा घेऊन त्याने पुढच्याला धावपट्टीवरून ढकलू नये असेही तोच नियम सांगतो. सरळ येणे निषिद्ध नाही. मात्र सर्किटमध्ये फिरणाऱ्यांची घडी अशा वैमानिकाने विस्कटू नये, अशी एफएएची (अमेरिकेतील विमान वाहतूक नियामक) अपेक्षा आहे. पण हक्काच्या वादाने तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण तुम्हाला हवी आहे ती त्याची वेळ. तीन सागरी मैल हे अंतर ९० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) विमानाला दोन मिनिटांचे असते आणि १८० नॉटच्या विमानाला एकाच मिनिटाचे. म्हणून प्रकार सांगितला नसेल तर तो विचारून घ्या.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी तुमच्याच राज्यात वॉटसनव्हिल येथे सर्किटमधले सेसना १५२ आणि सरळ येणारे दोन इंजिनांचे सेसना ३४० फायनलवर एकमेकांवर आदळले आणि तीन जीव गेले. दोघेही रेडिओवर बोलत होते, पण मोठे विमान सुमारे १८० नॉटने येत होते. दोघांनी आपापले स्थान सांगितले म्हणजे दोघे सुरक्षित झाले असे मी कोणत्याही विद्यार्थ्याला मानू देत नाही.

तेव्हा ते विमान दिसून तुमच्या पंखाच्या मागे जाईपर्यंत बेसकडे वळू नका. "एक्सटेंडिंग डाउनविंड, ट्रॅफिक नॉट इन साइट" (डाउनविंड लांबवतो आहे, समोरचे विमान दिसत नाही) असे विमानतळाच्या नावासह स्पष्ट सांगा आणि पुढे जात राहा.

कोयनाकाठ:
डाउनविंड फार लांबवण्यापेक्षा तिथेच ३६० अंशांची एक फेरी मारणे सोपे नाही का?

उंचमाथा:
नाही. तुमच्या मागून येणाऱ्याला तुम्ही अचानक त्याच्याकडे तोंड करून वळलेले दिसाल आणि त्या वेळी पंखाआड तो तुम्हाला दिसणारही नाही. फारच लांब जावे लागले, तर उंची न सोडता धावपट्टीपासून दूर जाणाऱ्या दिशेने सर्किटबाहेर पडा आणि पुन्हा ४५ अंशांनी डाउनविंडच्या मध्याशी शिरा.

माणदेशी:
रेडिओबद्दल एक भर घालतो. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी इलिनॉयमधल्या क्विन्सी येथे, जिथे टॉवर नव्हता, उतरणाऱ्या बीचक्राफ्ट १९०० च्या वैमानिकांनी छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीवरचे किंग एअर विमान थांबणार आहे का असे विचारले. उत्तर दिले ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या पायपर चेरोकीने आणि वैमानिकांनी ते किंग एअरचे समजले. दोन धावपट्ट्यांच्या छेदावर टक्कर होऊन १४ जण मृत्युमुखी पडले. उत्तर आले तरी ते कोणी दिले याची खात्री करा.

दख्खनी_वारा:
समजले. प्रकार विचारायचा, तो दिसून पंखामागे जाईपर्यंत वळायचे नाही आणि फेरी मारायची नाही. पण मी डाउनविंड लांबवलेला असताना मागचे विमान माझ्या आतून बेसला वळले तर काय करायचे?

उंचमाथा:
म्हणूनच लांबवतो आहोत हे एकदा सांगून थांबू नका, दर अर्ध्या मैलाला सांगा. तरीही तो आत वळला तर त्याला पुढे जाऊ द्या आणि तो तुमच्या पंखामागे गेल्यावर त्याच्या मागे वळा. तुम्ही फायनलवर असताना तो समोर शिरला, तर रेडिओवर दोष देत बसू नका. पूर्ण शक्ती द्या, त्याला नजरेआड न होऊ देता धावपट्टीच्या एका बाजूला सरकून वर चढा, आणि मग बोला. शनिवारी उड्डाणापूर्वी हे सर्व तुमच्या दोन्ही प्रशिक्षकांसमोर एकत्र मांडा आणि त्यांचे एकमत करून घ्या.