मदत हवी आहे: सुट्टीतला तजेला रोजच्या दिवसात कसा आणायचा?

नमस्कार मंडळी. श्रावणात घरचे सगळे कणकुंबीला गेलो होतो. मलप्रभेचा उगम, माउलीचं देऊळ, धुकं, सगळं झालं. पण मला खरं सुख लागलं ते सकाळच्या चहात. कप दोन्ही हातांत धरून पायरीवर बसायचं, पागोळ्या बघायच्या, घाई कसली ती नाही. परत बेळगावला येऊन उद्यमबागेतल्या कारखान्यात पहिली पाळी लागली आणि दोन दिवसांत मूळपदावर! चहा उभ्याउभ्या, बशीत ओतून, एक डोळा घड्याळावर.

दर रविवारी चोर्ला घाटात पळणं परवडत नाही. आणि खरं सांगू, मला ते उत्तरही वाटत नाही. तिथली गर्दी नि सेल्फी बघून माणूस आणखी दमतो.

एक गोष्ट थोडी जमली आहे. संध्याकाळी टिळकवाडीच्या व्हॅक्सीन डेपोत झाडांखालून चालतो, मोबाइल घरी ठेवून. रोज वेगळ्या वाटेने गेलं तर बरं वाटतं. त्याच वाटेने गेलं की डोक्यात परत कारखानाच. राजहंसगडावर आठवड्यात मधल्या वारी कुणी जातं का? संध्याकाळी सुरक्षित आहे ना?

शिफ्टवाल्यांनी, आणि लहान मुलं असलेल्या ताई-वहिनींनी जरूर सांगा: घरातच, बिनखर्चाचं, तुम्ही काय बदललंत? पहाटे पाचला उठून ध्यान करा, एवढं मात्र सुचवू नका. आमच्या गल्लीत त्या वेळेला नळाला पाणी येतं.