पद्मिनीला मल्टिप्लेक्स वायरिंग कशाला हवंय?

कटआऊट
परवा एकाने ठोकून दिलं: "जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी नव्याने उभी करताना जुनं लूम (वायरींचा अख्खा जुडगा) उपटा, मल्टिप्लेक्स टाका. पुढे एक मॉड्यूल, मागे एक, मधे पाच वायरी. रिले-फ्यूज भंगारात." मल्टिप्लेक्स म्हणजे प्रत्येक दिव्याला खटक्यापासून वेगळी वायर न नेता, मॉड्यूल नावाच्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांना मोजक्या वायरींवरून संदेश देऊन दिवे लावणं. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मुळात लोड आहेत किती? हाय, लो, पार्किंग, इंडिकेटर, ब्रेक, हॉर्न, वायपर, डॅश. खरं दुखणं एकच, हेडलाईटचा अख्खा करंट खटक्यातून जातो. दोन्ही हाय म्हणजे १२० वॉट, १० अँपिअर. दीड स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर) पाच मीटर वायरीत ०.५८ व्होल्ट तिथेच गेले, खटक्याचे काळे पडलेले पॉइंट वेगळे. व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड सुमारे ३० टक्के पडतो. म्हणून हायला एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा खटका), लोला एक. बॅटरीवरून फ्यूज लावलेली अडीच स्क्वेअरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, जुनी हेडलाईटची वायर ८६ ला, ८५ अर्थला म्हणजे गाडीच्या बॉडीला, ८७ वरून दिवे. खटक्यावर उरले जेमतेम १५० मिलिअँपिअर. एका दुपारचं काम, त्यासाठी कॅन बस (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी)?

साठ ओहम
तुमची पद्मिनी १९७५ मध्येच उभी आहे. आज लोक तिच्यात एसी, रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा, पॉवर विंडो घालतात. प्रत्येकाला रिले आणि इनलाईन फ्यूज लावत गेलात की डॅशखाली कावळ्याचं घरटं. मॉड्यूलमध्ये प्रत्येक चॅनलची मर्यादा वेगळी ठेवता येते: पंख्याला सुरुवातीचा झटका दोन सेकंद सोसायचा, मग २० अँपिअरला तोडायचं. वितळणाऱ्या फ्यूजला हे कुठून जमणार? आणि कॅन बॉशने १९८६ मध्ये मांडली, कालची फॅशन नाही.

"पाच वायरी" ही मात्र थाप आहे, मान्य. मॉड्यूलपासून दिव्यापर्यंत वायर लागतेच.

कटआऊट
चला, थाप तरी कबूल झाली.

अर्थआधी
दोघांनीही मुख्य गोष्ट सोडली. जुन्या गाडीचे खटके प्लस तोडतात, आणि बऱ्याच इनपुट मॉड्यूलना मायनस हवा असतो. इंडिकेटरच्या दांडीला सामायिक प्लस काढून अर्थ दिला की भागतं. पण ज्या खटक्यातून पार्किंग आणि हेडलाईट एकातून एक निघतात, तिथे आधी मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासायची. न तपासता अर्थ जोडलात आणि जुनी प्लसची एक वायर तिथेच राहिली, तर धूर.

वायपर तर हमखास फसतो. खटका बंद केल्यावर पाती खाली येऊन थांबायला मोटरची आर्मेचर (आतली फिरती गुंडाळी) शॉर्ट व्हावी लागते. मॉड्यूल नुसता करंट तोडतं, पाती थांब्याच्या पुढे घसरते, कॅमचा संपर्क पुन्हा जुळतो आणि ती फिरतच राहते. तिथे ८७ए (रिले बंद असताना जोडलेली पिन) असलेला पाच पिनी रिले घालावाच लागतो. म्हणजे भंगारातून परत आणा!

तिसरं, झोप. गाडी बंद केल्यावर मॉड्यूल झोपलं नाही तर १०० मिलिअँपिअर खात बसतं. दिवसाला २.४ अँपिअर-अवर, आठवड्यात ३५ ची बॅटरी निम्मी. रविवारीच बाहेर निघणाऱ्या गाडीला हेच मारतं. पुन्हा सेल्फ मारताना व्होल्टेज आठ-नऊवर येतं, मॉड्यूल रीसेट होतं, आणि इग्निशन त्याच्यावर असेल तर गाडी सुरूच होत नाही. इग्निशन आणि ब्रेक लाईट सरळ वायरीवर ठेवा.

साठ ओहम
बरोबर. कॅन बसचं मी सांगतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, बॅटरी काढून दोन वायरींत मोजायचं. ६० आलं तर ठीक. १२० म्हणजे एक टोक उघडं, ४० म्हणजे कुणीतरी तिसरा रेझिस्टर घातलाय. वायर पिळलेलीच हवी. सांधे मात्र सोल्डर करा, क्रिंप (दाबून बसवलेले सांधे) सैल होतात.

तांब्याची तार
सोल्डर?! अहो, हीच सवय गाड्या पेटवते. वातीत तेल चढावं तसं कथील इन्सुलेशनखाली चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरीने वायर बरोबर त्या कडेला तुटते. बाहेरून धड दिसते, आत शेवटचे दोन धागे गरम. दोन पंखांचं टर्मिनल घ्या: एक पंख तांब्यावर, दुसरा इन्सुलेशनवर. रॅचेटचा क्रिंपर वापरा, पकड नव्हे. मग ओढून बघा.

साठ ओहम
क्रिंप सैल होतो तो पकडीने दाबल्यामुळे, हे मलाही कळतं. पण गल्लीत रॅचेट कोणाकडे असतो?

तांब्याची तार
नसेल तर विकत घ्या! मॉड्यूलला हजारो रुपये आहेत आणि क्रिंपरला नाहीत? वर काळी पीव्हीसी टेप गुंडाळणार. इंजिनच्या उष्णतेत तिचा गोंद वितळतो आणि सहा महिन्यांत लूम चिकट दोरखंड होतं. कापडी टेप वापरा.

अर्थआधी
भांडण संपलं की दिव्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, दिवा लावून, व्होल्टेज मोजा. ०.२ च्या वर असेल तर अर्थ सडलाय, मल्टिप्लेक्स काय, सोन्याची तार घाला. इंजिन आणि बॉडीमधली जाळीची पट्टी तुटली असेल, तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतायला बघतो. केबल लाल होते.

मूळ_रंग
व्हिंटेज नोंदणीचं काय? २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरची गाडी "मूळ रूपात" हवी.

कटआऊट
त्यात चॅसी, बॉडी आणि इंजिनमधला बदल म्हटलाय, वायरिंगचा शब्द नाही. तरीही जुनं लूम पेटीत घालून ठेवा, उद्या घेणारा विचारतोच.

साठ ओहम
म्हणजे तुम्हीही वायरिंग बदलू द्यायला तयार आहात?

कटआऊट
एसी आणि पंखा मॉड्यूलवर टाका, हवं तर. हेडलाईट माझ्या रिलेवरच. तुमच्या मॉड्यूलमधला मॉसफेट (करंट जोडणारा इलेक्ट्रॉनिक खटका) बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे हॉर्न गेला तर वाजतच राहणार. फ्यूज निदान गप्प मरतो.

साठ ओहम
म्हणून तर मॉड्यूलच्या आधी मुख्य फ्यूज लावतात. तो कुठे भंगारात गेलाय?