शब्दचर्चा: ‘टकरीची संभाव्यता’ म्हणजे नेमकी कशाची?

टिपणवाली: हॅश टेबलवर मराठीत टिपण लिहितेय. म्हणजे असा तक्ता, ज्यात प्रत्येक ‘की’ला (नोंदीच्या ओळखीला) हॅश फंक्शन नावाचं सूत्र एक खण ठरवून देतं. दोन कींना एकच खण मिळणं म्हणजे कोलिजन; त्याला ‘टक्कर’ म्हटलं, पण ‘टकरीची संभाव्यता’ लिहिताना गाडी अडते. ‘शक्यता’ चालेल का? शिवाय १००० खणांच्या टेबलात ४० की टाकल्या तर एक सहकारी ४ टक्के म्हणतो, दुसरा ५५. खरं कोणाचं?

खणकरी: दोघांचंही! पहिला सांगतोय पुढच्या, म्हणजे ४१व्या कीबद्दल. जास्तीत जास्त ४० खण भरलेत, म्हणजे तिला भरलेला खण मिळण्याची संभाव्यता ४ टक्क्यांच्या आसपास. दुसरा सांगतोय की त्या ४० जणींत कुठेतरी, निदान एकदा, टक्कर होईल. दुसऱ्या कीला ९९९ खण मोकळे, तिसरीला ९९८, असं करत चाळिसावीला ९६१. प्रत्येकाला १०००ने भागून गुणाकार केला की ०.४५ उरतात. ही झाली एकही टक्कर न होण्याची संभाव्यता; उरलेले ०.५५ म्हणजेच ते ५५ टक्के. अर्थात हॅश फंक्शन सगळ्या खणांत सारखं वाटप करतं, हे गृहीत धरून.

टिपणवाली: म्हणजे ‘टकरीची’ एवढंच लिहून भागत नाही.

खणकरी: नाहीच भागत. ‘निदान एका टकरीची’ किंवा ‘पुढची की भरलेल्या खणात पडण्याची’ असं पुरतं लिहा. लांबतं, पण लांबू द्या.

जुनाशब्दवेडा: मला ‘टक्कर’च खटकते. रेड्यांच्या टकरा होतात तेव्हा दोघंही धावून येतात. इथे एक आधीच बसलेली, दुसरी मागून येते. एसटीत एकाच सीटचं दोघांना आरक्षण मिळावं तसं. पण ‘संघात’ वगैरे नकोच, वाचणारा पळून जाईल. टक्कर रुळलीय, राहू दे.

आकडेमोड: ‘शक्यता’ गप्पांत ठीक, आकडा आला की ‘संभाव्यता’च, शाळेच्या गणितातही तोच शब्द आहे. आणखी एक घोळ नेहमी दिसतो: ४० कींच्या जोड्या ७८०, त्यांना १०००ने भागून ०.७८ येतात, आणि लोक खुशाल ‘संभाव्यता ७८ टक्के’ लिहितात. ती टकरणाऱ्या जोड्यांची अपेक्षित संख्या आहे. १०० की घ्या, ४.९५ येतील. आता म्हणा बरं ४९५ टक्के!

टिपणवाली: मग ०.७८ फुकटच?

आकडेमोड: छे, फार कामाचे. ई (सुमारे २.७१८ हा गणिती स्थिरांक) चा उणे ०.७८ वा घात काढा, ०.४६ मिळतात, वरच्या ०.४५ ला अगदी खेटून. जवळजवळ चाळीस गुणाकार वाचले. ३२ बिटी हॅशला सुमारे ४२९ कोटी किमती, म्हणजे जणू तेवढे खण, असतात, तरी साधारण ७७ हजार कींनाच निदान एका टकरीची संभाव्यता निम्म्यावर जाते, तेही याच सूत्राने निघतं.

टिपणवाली: हे उदाहरण घेते. शीर्षक आता ‘निदान एका टकरीची संभाव्यता’.