वॉर्डची इन्चार्ज सिस्टर निवडताना नेमकं काय तपासावं?

प्रश्न
३० खाटांच्या मेडिसिन वॉर्डला इन्चार्ज सिस्टर नेमायची आहे. वॉर्डातल्या सर्वांत जुन्या स्टाफ नर्सला बढती द्यावी असा आग्रह आहे, बाहेरूनही अर्ज आलेत. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत सगळ्याच छान बोलतात. पारख करायची कशी?

उत्तर – 'रात्रपाळी'
सलाईन लावण्यात हात बसलेला असणं वेगळं आणि सकाळी दोघी गैरहजर असताना उरलेल्या चौघींत पेशंट वाटणं वेगळं. तेच काम मुलाखतीत करायला द्या. कोरी ड्यूटी लिस्ट, ८ नावं, दोघी रजेवर, एक नवखी, वेळ २० मिनिटं. नवखीला रात्री एकटी टाकली का? रात्रपाळी संपवून आलेलीला त्याच दुपारी पुन्हा बोलावलं का? 'अशी वाटणी का केली' हेही विचारा.

दुसरा प्रसंग औषध देताना झालेल्या चुकीचा द्या. १० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं, साध्या, म्हणजे युनिटच्या खुणा नसलेल्या सिरिंजने १ मिली गेलं. १ मिलीत १०० युनिट असणारी बाटली होती, म्हणजे दहापट डोस. पहिल्या पाच मिनिटांत काय कराल? पेशंटजवळ कुणाला तरी थांबवणं, लगेच शुगर बघणं, डॉक्टरांना बोलावणं, ग्लुकोज हाताशी ठेवणं, एवढं तरी यायलाच हवं. 'कुणी दिलं?' हा जिचा पहिला प्रश्न, तिच्या वॉर्डात चुका दडवल्या जातील. 'इन्सुलिनच्या ट्रेमध्ये साधी सिरिंज आली कशी?' असं जिला नंतर सुचेल, तिला मी डोळे झाकून घेईन.

उत्तर – 'निवडसमिती'
वरचं पटलं. फक्त गुण देण्याची शिस्त पाळा. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. किती गुण कशाला हे आधीच लिहून ठेवा. तिघा परीक्षकांनी चर्चेआधी आपापले गुण कागदावर उतरवायचे, नाहीतर मोठे डॉक्टर बोलले की बाकीचे माना डोलावतात. नर्स म्हणून असलेली नोंदणी थेट नर्सिंग कौन्सिलकडून पडताळा, झेरॉक्सवर विसंबू नका. आधीच्या वरिष्ठांना 'पुन्हा घ्याल का?' एवढंच विचारा आणि ते किती अडखळतात ते ऐका.

प्रश्नकर्ता
बाहेरची निवडली तर जुन्या सिस्टर दुखावतील. तेव्हा काय करावं?

रात्रपाळी
नाव जाहीर होण्याआधी त्यांना समोर बसवून सांगा, गुण कुठे कमी पडले ते दाखवून. नोटीस बोर्डावरून कळलं तर ते त्या विसरणार नाहीत. नवख्यांना शिकवायचं काम त्यांना द्यायचं असेल, तर ड्यूटी लिस्टमध्ये त्याचे तास राखा. पेशंट तेवढेच ठेवून वर शिकवणं लादलं तर तो मान नसतो, बोजा असतो.

नव्या इन्चार्जला पहिले दोन आठवडे स्वतःचे पेशंट देऊ नका. दिले की हँडओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं) घाईत उरकतो आणि क्रॅश कार्टची (तातडीच्या औषधं-उपकरणांच्या गाडीची) तपासणी सहीपुरती उरते. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना घसा पाहायच्या उपकरणाचा) दिवा लागत नाही हे मग पेशंटचा श्वास थांबल्यावर कळतं.