पिल्लं आणि क्रोशाचा दोरा
मांजरीच्या पिल्लांना दूध देऊ का विचारलंयस म्हणून सांगते, गाईचं दूध नकोच गं, आम्ही पहिल्याच दिवशी हौसेने बशीभर दिलं आणि मग मी रात्रभर फरशी पुसत बसले, पचतच नाही त्यांना ते. 4 आठवड्यांच्या पुढची असतील तर किटन फूड कोमट पाण्यात भिजवून मऊ करून दे. आणि तुझं ते क्रोशाचं सामान झाकणाच्या डब्यात! दोरा गिळला तर आतड्यात अडकतो, ऑपरेशनपर्यंत जातं प्रकरण.

बाकी मजाच आहे. आमची धाकटी माऊ गरम पोळ्यांच्या डब्यावर पोट टेकून झोपते, त्यामुळे दुसरी पोळी हवी असेल तर आधी बाईसाहेबांना उचला. डोळे अजून निळे आहेत, महिनाभरात बदलतील, तोवर बघून घेतेय.